शेवटच्या फेरीआधी

चोडणच्या माणसाला सिनेमाचा शेवट विचारू नये.
पणजीत तो व्हायचा तेव्हा आम्ही रायबंदरच्या बांधावर
घड्याळ बघत, धावत.
पलीकडे धक्क्यावर शेवटची फेरी,
आणि ती कुणाच्या क्लायमॅक्ससाठी थांबत नसे.

येतानाचेच गुडघे जातानाही ओलांडायचे,
तीच माणसं, तेच चक् चक्,
शेवंती पुढे, चपला हातात,
आणि मी मागे, मान पडद्याकडे वळवून,
पायरी चुकून दोनदा पडलोय.
सत्तावीस वर्षांचा संसार,
पण एकाही नायिकेचं लग्न
आम्ही पाहिलेलं नाही.

मग फेरीत ती सांगायची.
कठड्याला टेकून, पदर डोक्यावर घट्ट,
मांडवीवरून वारा, खारफुटीचा वास,
आणि शेवंतीचा शेवट.
तिच्या शेवटात बाप लेकीला घरात घेई,
पण आधी पाय धुवायला लावी.
पोलीस उशिराच येत, पण उपाशी जात नसत.
आणि खलनायक, कितीही खून केलेले असोत,
फोंड्याकडे कुठेतरी कुळागर घेऊन
गप्प राहायचा उरलेलं आयुष्य.
एकदा एका मोटारसायकलवाल्याने
ऐकायला म्हणून इंजिन बंद केलं.
फेरीवरचा तुळशीदास दोर सोडता सोडता विचारायचा,
"मागीर?"

नंतर ते जुनं थिएटर गेलं.
नव्यात एकदा गेलो. थंडी इतकी
की शेवंतीने माझा रुमाल कानाला बांधला.
पुढच्या रांगेत सात फोन उघडे, सात निळ्या हनुवट्या,
पाठीत कुणाच्या तरी पोराची लाथ, तालात,
आणि शेजारचा गृहस्थ प्रत्येक वळणाआधी
"आता बघा हं" म्हणणारा.
मक्याच्या लाह्यांच्या किमतीत
इसवणाचे चार तुकडे आले असते, हे तिने
मध्यंतरात, आणि मध्यंतरानंतरही सांगितलं.

म्हणून दामोदरने टीव्ही पाठवला, भिंतीएवढा.
आता नदी नाही, बांध नाही, गुडघे नाहीत.
आता कुकर आहे.
अर्मेलिंदा आहे, कढीपत्ता मागायला येऊन
दारातच उभी राहून अर्धा सिनेमा बघणारी
आणि नायकाला शिव्या घालणारी.
वीज आहे, म्हणजे नाही.
"हा तोच ना मघाचा?" आहे.
"थांबव जरा, मासळी परतून येते" आहे,
मग नायक एक डोळा मिटलेला, तोंड वाकडं,
जांभईत सापडल्यासारखा, भिंतभर.
चवथीच्या साफसफाईत थांबवलेला एक जण
गणपती पोचवून आल्यावर हलला.
घरात काळ आपल्या हातात असतो म्हणतात.
रिमोट कुठे असतो ते कुणी सांगत नाही.

आणि शेवट? शेवट आता
आमच्या मालकीचा आहे, पूर्ण, पैसे भरून.
पण दहा मिनिटं उरली की शेवंतीची मान कलते.
उठवत नाही मी.
आवाज बारीक करून एकटाच बघतो
इतकी वर्षं हुकलेलं ते सगळं.
खरं सांगू? फार काही नसतं.
सगळे सगळ्यांना मिठ्या मारतात,
किंवा कुणीतरी समुद्राकडे बघतं,
किंवा दुसरा भाग येणार असतो.
यासाठी का आपण उगीच हळहळायचो
धक्क्यावर, धापा टाकत?

सकाळी ती आडाळ्यावर नारळ खवते
आणि मान वर न करता विचारते,
"काय झालं त्याचं मग?"
परवाचा तो तर पुलावरून पडून मेला होता,
मी डोळ्यांनी पाहिलेला.
मी चहाचा घोट घेतो. म्हणतो,
"सुटला. फोंड्याकडे कुळागर घेतलंन म्हणे."

खवण्याचा आवाज थांबतो.
शेवंती बराच वेळ काही बोलत नाही.
मग म्हणते, "पाट वाहता आहे ना तिथे?
नाहीतर मे महिन्यात पोफळी करपतील
त्याच्या."